घर भिलाईत, मालक विलायतेत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांवर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते आपण ऐकलेत. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. परदेशातील मालकाचे काम येथे, आपल्या घरी बसून करणे, हा तो विषय. परंतु या सभागृहातील कितीतरी कुटुंबांत तो आज जिव्हाळ्याचा झाला आहे. आपला मुलगा, मुलगी किंवा सून सेक्टरमधल्या क्वार्टरच्या, नेहरूनगरातील अथवा रिसालीतील घराच्या आतल्या खोलीत बसते आणि बोस्टनच्या, बर्लिनच्या वा सिंगापूरच्या कंपनीचे काम करते. पाहुण्यांनी चौकशी केली म्हणजे आपण समाधानाने सांगतो, “अमेरिकेच्या कंपनीत नोकरीला आहे, घरूनच काम असते.” या वाक्यातील ‘नोकरी’ हा शब्द कितपत खरा आहे, एवढेच आज मला तपासावयाचे आहे.

परदेश आणि भिलाई यांचा संबंध जुना आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातून चालत असे. कर्जाचे व्याज अडीच टक्के आणि फेड बारा वार्षिक हप्त्यांत, असे ठरले होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात सोव्हिएत तज्ज्ञ शेकड्यांनी येथे येऊन राहिले आणि आपले शेकडो अभियंते व कारागीर प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. एका देशाच्या माणसाने दुसऱ्या देशासाठी काम करावे, ही गोष्ट या नगराच्या पायातच आहे. मात्र त्या व्यवहारात दोन्ही बाजूंना दोन सरकारे उभी होती. कोणी काय पुरवावयाचे, कोणास कोण उत्तरदायी, हे सारे कागदावर आले होते. आज बावीस वर्षांचा तरुण संगणकाच्या पडद्यावर एक बटन दाबून परदेशी कंपनीशी करार करतो, तेव्हा त्याच्या बाजूला कोणीही उभे नसते. आणि पुष्कळदा तो करार त्याने शेवटपर्यंत वाचलेलाही नसतो.

असा करार वाचावयास घेतला, तर पहिल्या दोन पानांतच बहुधा एक वाक्य आढळते: काम करणारी व्यक्ती ही कंपनीची कर्मचारी नसून स्वतंत्र कंत्राटदार आहे. त्या वाक्याचा अर्थ भिलाईकरांना समजावून सांगावा लागू नये. कारखान्याचा नियमित कामगार आणि ठेका कामगार यांतील अंतर आपण तीन पिढ्या पाहत आलो आहोत. एकाच गेटमधून दोघे आत जातात, एकाच उष्णतेत दोघे भाजतात. परंतु एकाला क्वार्टर, सेक्टर नऊचे रुग्णालय, मुलांना शाळा, रजा आणि निवृत्तीनंतरचा आधार. तर दुसऱ्याला दिवसाची मजुरी. १९७७ मध्ये दल्ली-राजहराच्या लोहखाणींतील ठेका मजूर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाले. पुढे १९९० नंतर भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कामगारांनी कायम नोकरीची व जगण्यापुरत्या वेतनाची मागणी केली, आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची याच शहरात हत्या झाली. त्या चळवळीविषयी कोणाचे मत काहीही असो, तिच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा होता: या माणसाचा मालक कोण? माझे आजचे म्हणणे असे की, संगणकापुढे बसलेल्या आपल्या मुलांपुढे तोच प्रश्न नव्या वेषात उभा आहे, आणि मोबदला डॉलरमध्ये येत असल्यामुळे तो आपल्या दृष्टीस पडत नाही.

घरी बसून दूरच्या मालकाचे काम करणे हीसुद्धा आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. सोलापूर, सिन्नर, नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतील विडी उद्योग आठवावा. तेंदूपाने आणि तंबाखू मोजून घरी न्यावयाचा, घरकाम सांभाळून विड्या वळावयाच्या आणि तयार माल कारखान्यावर किंवा ठेकेदाराकडे पोचवावयाचा, ही ‘घरखाता’ पद्धत लक्षावधी स्त्रियांनी पत्करली. हजार विड्यांमागे ठरलेला दर मिळे. जी विडी मालकाला पसंत नसे ती बाजूला पडे आणि तिची मजुरी बुडे. मालक म्हणत, या बायका आमच्या नोकर नाहीत. त्या केव्हा वळतात, कोठे वळतात, हे आम्ही पाहत नाही.

या प्रश्नाने सर्वोच्च न्यायालयाची पायरी अनेकदा चढली. १९५८ मध्ये चिंतामणराव यांच्या मध्य प्रदेशातील खटल्यात विड्या करवून आणणारे सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार ठरले. १९६१ मध्ये नागपूरच्या बिरधीचंद शर्मा यांच्या खटल्यात मात्र न्यायालयाने असे मानले की, कारखान्यात येऊन वळणारा कामगार वेळेच्या बाबतीत मोकळा असला, त्याला नगावर मजुरी मिळत असली, तरी ठरलेल्या प्रतीची नसलेली विडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे आणि ते एक प्रकारचे नियंत्रणच आहे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही आपल्या कक्षेत घेतले. अखेर १९८५ मध्ये पी. एम. पटेल आणि सन्स यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घरी बसून विड्या वळणारे कामगार भविष्यनिर्वाह निधी कायद्याच्या दृष्टीने त्या आस्थापनेचे कर्मचारीच होत; मध्ये ठेकेदार असल्याने आणि कामाची जागा स्वतःचे घर असल्याने त्यात फरक पडत नाही.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. काम घरी होते म्हणून माणूस नोकर राहत नाही, हा युक्तिवाद आपल्या देशात चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबर कंपनीच्या चालकांसंबंधी निर्णय देताना, करारात काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात नियंत्रण कोणाचे आहे, याला महत्त्व दिले. मग आपल्या मुलांना चिंता कशाची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, विडीचा मालक भारतात सापडत होता. त्याचा कारखाना, गोदाम, बँकेतील खाते यांपर्यंत येथील निरीक्षकाचा व न्यायालयाचा हात पोचत होता. ज्या कंपनीचे भारतात कार्यालय नाही, मालमत्ता नाही, तिच्यावर नोटीस बजावावयाची कोठे? येथील दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा अमेरिकेत आपोआप अमलात येत नाही. तत्त्व आपल्या बाजूचे असून वसुली हाती नाही, अशी ही स्थिती आहे. म्हणून ‘मालक कोण’ या प्रश्नाला आता दुसरा प्रश्न जोडावा लागतो: ‘आणि तो सापडेल कोठे?’

परदेशी कंपनीने भारतातील माणूस कामावर घेण्याचे साधारणपणे तीन मार्ग आहेत. प्रत्येक मार्गात या दोन प्रश्नांचे उत्तर निराळे येते.

पहिला मार्ग, कंपनीने भारतात स्वतःची कंपनी स्थापन करणे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळूर येथे आपले केंद्र उघडले, ते या मार्गाचे प्रसिद्ध उदाहरण. पुढे पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात अशी केंद्रे उभी राहिली. येथे मालक भारतीय कायद्याखाली नोंदलेला असतो. वेतनपत्रक मिळते, फॉर्म १६ मिळतो, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. मुलगा भिलाईतील घरून काम करीत असला, तरी तो कर्मचारीच असतो.

दुसरा मार्ग मध्यस्थाचा. भारतात नोंदलेली एखादी संस्था कागदोपत्री मालक होते, वेतन देते, कर व निधी भरते; प्रत्यक्ष काम मात्र परदेशी कंपनी करवून घेते. या मध्यस्थांना ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ असे नाव आहे. नाव विलायती असले तरी रचना आपल्या ओळखीची आहे. १९७० च्या ठेका कामगार कायद्याने एक मोठी गोष्ट केली होती: ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. ते तत्त्व २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कायम असून, चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. येथे मुख्य मालक देशाबाहेर असल्याने त्या तत्त्वाचा व्यवहारात उपयोग होणे कठीण. तरीही कागदोपत्री मालक येथे सापडतो, हे या मार्गाचे बळ. पाहावयाचे एवढेच की, ती मध्यस्थ संस्था कोण आहे, ती निधी खरोखर भरते की नाही, आणि परदेशी कंपनीने काम थांबविल्यास नोटिशीचे वेतन कोण देणार आहे. निधीचा भरणा आपल्या खात्याच्या पासबुकात दरमहा दिसतो. तो पाहण्याची सवय लावून घ्यावी.

तिसरा मार्ग थेट कंत्राटाचा, आणि आपल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला हाच येतो. कंपनीला तो स्वस्त आणि सोपा. तिला आणखी एक धास्ती असते. भारतातील माणूस तिच्या वतीने नेहमी करार ठरवू लागला, तर करविषयक आंतरराष्ट्रीय करारांनुसार तिची येथे ‘स्थायी आस्थापना’ आहे असे मानून तिच्या नफ्यावर कर लागू शकतो. म्हणून ती कागदावर अंतर राखते. त्यात अप्रामाणिकपणाच असतो असे मी म्हणत नाही. ज्याला अनेक गिऱ्हाइके आहेत, जो आपली वेळ व दर स्वतः ठरवतो, त्याच्यासाठी कंत्राट हाच योग्य करार होय. परंतु एकाच कंपनीचे काम, तिने ठरविलेल्या वेळात, तिच्या वरिष्ठाच्या हाताखाली, तिच्याच परवानगीने रजा, असे असताना माणूस कागदावर तेवढा कंत्राटदार असेल, तर त्याने नोकराची बंधने घेतली आणि नोकराचे हक्क सोडले, असा त्याचा हिशोब होतो.

हा हिशोब रुपयांत मांडून पाहू. नोकराच्या मूळ वेतनाच्या प्रत्येक १०० रुपयांमागे मालक भविष्यनिर्वाह निधीचे १२ रुपये भरतो. सक्तीची वेतनमर्यादा निराळी असली, तरी अनेक कंपन्या पूर्ण मूळ वेतनावर ते देतात. ग्रॅच्युइटी म्हणजे प्रत्येक वर्षाच्या सेवेस १५ दिवसांचे वेतन. महिन्याचे २६ दिवस धरून ते वेतनाच्या सुमारे ४.८१ टक्के येते. या दोहोंचीच बेरीज पावणेसतरा टक्क्यांवर जाते. त्यात पगारी रजा, आरोग्यविमा आणि स्त्रियांच्या बाबतीत प्रसूतिरजा मिळवावी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा हा नोकरदार स्त्रीचा हक्क आहे. कंत्राटदार स्त्रीला त्यातील एक दिवसही हक्काने मागता येत नाही. आपल्या लेकी-सुनांनी सही करण्यापूर्वी एवढी एक गोष्ट तरी लक्षात घ्यावी. सारांश, नोकरीतील एक लाख आणि कंत्राटातील एक लाख हे दोन निरनिराळे आकडे आहेत. दर ठरविताना हे अंतर मागून घ्यावयाचे, आणि मिळाल्यावर ते खर्च न करता बाजूला ठेवावयाचे. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना या दोन्हींची दारे कंत्राटदाराला उघडी आहेत; परंतु तेथे दरमहा पैसे कापून भरणारा मालक नाही, ते काम स्वतःच करावयाचे आहे.

आता राहिला वेळेचा प्रश्न. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा भिलाईत संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तेथे पाच वाजता कचेरी सुटते, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. रात्रपाळी भिलाईला नवी नाही. परंतु कारखान्यातील रात्रपाळी आठवड्याने बदलते, सोबतीला माणसे असतात, कँटीन असते, काही दुखलेखुपले तर रुग्णवाहिका असते. आतल्या खोलीतील रात्रपाळी वर्षानुवर्षे बदलत नाही आणि तिचा भत्ताही नाही. करार करतानाच कामाच्या वेळा, सुट्ट्या आणि दोन्ही देशांतील सणांचे दिवस लिहून घेणे आवश्यक आहे.

करांविषयी थोडक्यात सांगतो. भारतात राहणाऱ्याचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र असते; पैसा परदेशातून आला म्हणून तो करमुक्त होत नाही. कंत्राटदाराचा कर कोणी कापत नाही, म्हणून आगाऊ कर त्याने स्वतः भरावयाचा. माहिती तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, लेखापालन यांसारख्या व्यवसायांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविण्याची सवलत आहे. जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत ती मिळते, आणि तीत आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच वेळी भरता येतो. वर्षाची जमा २० लाखांहून अधिक झाली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. मात्र सेवा निर्यात होत असल्याने हमीपत्र देऊन कर न भरता ती करता येते. अमेरिकन कंपनी डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागते. काम करणारा परदेशी आहे हे त्यात सांगावयाचे असते, त्यामुळे तो भरण्यास घाबरू नये. बँकेकडून परकीय चलन आल्याचे प्रमाणपत्र प्रत्येक वेळी घेऊन जपून ठेवावे. ज्याच्याकडे फॉर्म १६ नाही त्याला गृहकर्ज मागताना हीच कागदपत्रे आणि भरलेली विवरणपत्रे उपयोगी पडतात. एखाद्या सनदी लेखापालाला वर्षातून एकदा दाखवून घेण्याचा खर्च वाया जात नाही.

आणि शेवटी करारातील काही कलमे. एक, नोटीस किती दिवसांची आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे काय, हे पाहावे. दोन, मोबदला शक्यतो पंधरवड्याने घ्यावा; थकबाकी एका महिन्याच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण ती वसूल करण्यासाठी परदेशी वकील लावणे परवडत नाही. तीन, तंटा कोणत्या देशात सोडवावयाचा हे वाचावे. लवादाचे कलम असल्यास त्याचे स्थान भारतात मागून पाहावे. १९५८ च्या न्यूयॉर्क अभिसंधीमुळे लवादाचा निवाडा परदेशात अमलात आणणे न्यायालयाच्या हुकूमनाम्यापेक्षा सुकर असते. चार, काम सोडल्यावर अमुक वर्षे दुसरीकडे काम करू नये, अशी अट असते. करार भारतीय कायद्याखाली असेल, तर व्यवसायास अशी बंदी घालणारी अट १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे निरर्थक ठरते. तो परदेशी कायद्याखाली असेल, तर तसे गृहीत धरू नये. पाच, दोन-तीन वर्षे काम समाधानकारक झाल्यावर पहिल्या किंवा दुसऱ्या मार्गाने रीतसर कर्मचारी करून घेण्याची मागणी करावी. चांगल्या माणसाला टिकवू पाहणारी कंपनी अशी मागणी ऐकून घेते, आणि न ऐकणारी कंपनी आपल्याकडे कशा दृष्टीने पाहते, तेही त्यातून समजते.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही नवी संज्ञा आपल्या कायद्यात आणली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि परदेशातील एकाच कंपनीसाठी एकट्याने काम करणाऱ्याला त्या तरतुदींचा आधार सहज मिळेल, असे समजून स्वस्थ बसता येणार नाही. घरखात्यातील विडी कामगारांनाही कायद्याच्या एका ओळीने हक्क मिळाले नाहीत. त्या एकत्र आल्या, त्यांच्या संघटना झाल्या, खटले चालले, तेव्हा निकाल लागले. आतल्या खोलीत बसलेला आपला मुलगा मात्र एकटा आहे. शेजारच्या गल्लीत त्याच प्रकारचे काम करणारी दुसरी मुलगी आहे, हेही त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. एकाला दर काय मिळतो, दुसरीच्या करारात रजा किती आहे, कोणत्या कंपनीने मोबदला थकविला, हे एकमेकांना कळत नसल्याने प्रत्येकजण कंपनी म्हणेल ते मान्य करतो.

येथे मंडळासारख्या संस्थेला काम आहे, असे मी नम्रपणे सुचवितो. पन्नास वर्षांपूर्वी येथे आलेल्या कुटुंबांना घर मिळविण्यापासून मुलांच्या शाळेपर्यंत एकमेकांची माहिती उपयोगी पडत असे. आज माहितीची गरज बदलली आहे. गणेशोत्सवाच्या व हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांबरोबर मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ या मुलांसाठी ठेवावी. आपल्यात निवृत्त लेखापाल आहेत, वकील आहेत, कार्मिक विभागात आयुष्य घालविलेली मंडळी आहेत. त्यांनी करार वाचून द्यावेत. मुलांनी आपले अनुभव एकमेकांना सांगावेत. त्यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. चार खुर्च्या, चहा आणि चष्मा एवढे साहित्य पुरेसे आहे.

मुलगा घरी राहतो, आईवडिलांच्या डोळ्यांसमोर असतो, गाव सोडावे लागत नाही, याचे मोल मी जाणतो. आपल्या पिढीने नोकरीसाठी मुलूख सोडला. पुढच्या पिढीला तो सोडावा लागू नये, यासारखी आनंदाची गोष्ट नाही. म्हणून या कामापासून मुलांना परावृत्त करावे, असे माझे म्हणणे नाही. त्यांनी ते अवश्य करावे. फक्त सही करण्यापूर्वी, मालक कोण आणि तो सापडेल कोठे, हे दोन प्रश्न विचारावेत. आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या उणिवेची किंमत दरात मागून घ्यावी.